बारावीचं मॅथ्स अडलं की मदत कशी मागायची

दिवाळीची सुट्टी लागली की आणि परत जानेवारीत प्रिलिमचे मार्क हातात आले की आमच्याकडे फोन सुरू होतात. नात्यातले, बिल्डिंगमधले, भाचीच्या मैत्रिणींच्या आया, सगळ्यांचं एकच, "मॅथ्स फार जड जातंय हो, क्लास बदलायचा का?" मी एमएस्सी मॅथ्स केलंय आणि इथे सांगलीत संध्याकाळी घरी अकरावी-बारावीच्या मोजक्या मुलांना शिकवते, म्हणून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं, क्लासचं नंतर बघू, आधी पोराला एक न सुटलेलं गणित आणि त्याची वही घेऊन पाठवा. नुसता गणिताचा फोटो नको, वही पाहिजे, खाडाखोड असेल तशी, अर्धवट सोडलं असेल तिथपर्यंत.

वही कशाला ते सांगते. मागे एक मुलगी आली, बारावीची, हुशार, दहावीला नव्वदच्या वर. म्हणे काकू मला इंटिग्रेशन अजिबातच येत नाही, सगळा चॅप्टर परत शिकवाल का. म्हटलं दाखव काय अडलंय. गणित होतं एक अपॉन एक्स स्क्वेअर प्लस ४ एक्स प्लस १३, त्याचं इंटिग्रेशन. तिच्या वहीत वर फॉर्म्युला अगदी बरोबर लिहिलेला, एक अपॉन एक्स स्क्वेअर प्लस ए स्क्वेअर असेल तर एक अपॉन ए टॅन इन्व्हर्स एक्स अपॉन ए, आणि खाली पान कोरं. म्हणजे इंटिग्रेशन तिला येतच होतं की! मी विचारलं, एक्स स्क्वेअर प्लस ४ एक्स ला पूर्ण वर्ग करायला किती मिळवावे लागतील? तिथे ती गप्प. मग बसलो दोघी, ४ चं निम्मं २, २ चा वर्ग ४, म्हणजे १३ मधले ४ इकडे वापरायचे आणि ९ उरतात, झालं एक्स प्लस २ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग. पुढे तिने स्वतःच लिहिलं, वन थर्ड टॅन इन्व्हर्स एक्स प्लस २ अपॉन ३ प्लस सी. लगेच दुसरं दिलं, एक्स स्क्वेअर मायनस ६ एक्स प्लस २५, ते तिने मी चहा टाकेपर्यंत सोडवून ठेवलं होतं.

हे पूर्ण वर्ग प्रकरण दहावीच्या बीजगणितातलं आहे, वर्गसमीकरणांच्या धड्यात. तिथे सूत्राने उत्तर येतं म्हणून बहुतेक मुलं पूर्ण वर्गाची पद्धत परीक्षेपुरती करतात आणि विसरतात, आणि दोन वर्षांनी ती बारावीत इंटिग्रेशनच्या वेशात समोर येते. तिची वही नसती तर मी बापडी सगळं इंटिग्रेशन पहिल्यापासून शिकवत बसले असते, तिनेही मान डोलावली असती, आणि पुढच्या गणिताला परत तिथेच अडली असती.

मला या सगळ्यात एवढंच कळकळीने सांगायचंय, की बारावीचं मॅथ्स ज्या चॅप्टरमध्ये अडल्यासारखं वाटतं त्या चॅप्टरमध्ये ते फार कमी वेळा अडलेलं असतं. मदत करणाऱ्याला ती नेमकी ओळ सापडली पाहिजे, आणि ती त्याला तुमच्याच वहीत सापडणार.

आणि अकरावी! अकरावीचे मार्क बारावीच्या बोर्डात धरत नाहीत म्हणून ते वर्ष आरामात काढलं जातं, कितीतरी ठिकाणी तर दहावीनंतर थेट बारावीच्या पोर्शनला हात घालतात. पण अकरावीच्या पुस्तकात काय आहे बघा, ट्रिग्नोमेट्री, स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉनिक, सिक्वेन्स, परम्युटेशन, फंक्शन, लिमिट, कन्टिन्युइटी, डेरिव्हेटिव्हची सुरुवात. बारावीचा भाग दोन जवळजवळ सगळा याच्याच डोक्यावर उभा आहे. सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, ९० मिनिटं, त्यातले साधारण १० अकरावीवर असतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण उरलेल्या ४० मध्ये अकरावी किती ठिकाणी आतून लागते ते कोणी मोजत नाही. कॉस टू थीटाची तिन्ही रूपं हाताशी नसली तर डेफिनेट इंटिग्रेशनमधली अर्धी गणितं सुरूच होत नाहीत.

आता मदत मागायची कशी. "सर इंटिग्रेशन समजलं नाही" याला कुठलाही सर काय उत्तर देणार बिचारा. तेच जर "सर, मिसलेनियस एक्सरसाइजमधलं हे गणित, मी टी बरोबर टॅन एक्स बाय टू घेतलं, इथपर्यंत आले, आता खाली हे असं क्वाड्रॅटिक आलंय आणि याचं काय करायचं कळत नाही" असं विचारलं तर दोन मिनिटांत काम होतं, आणि सरांनाही बरं वाटतं की पोरगी करून आलीये. इंटरनेटवर मॅथ स्टॅक एक्स्चेंज म्हणून साइट आहे, २०१० पासून आहे, जगभरातले प्रोफेसर आणि विद्यार्थी तिथे फुकट उत्तरं देतात, पण नुसतं गणित चिकटवून "प्लीज सॉल्व्ह" लिहिलं तर प्रश्न बंद करतात, तू काय केलंस ते आधी लिही म्हणतात. मुलांना राग येतो याचा. मला ते अगदी योग्य वाटतं, आणि कितीतरी वेळा असं होतं की मूल आपण काय केलं ते नीट लिहायला बसतं आणि लिहिता लिहिताच त्याला पुढची पायरी दिसते.

विचारायचं कोणाला, तर सगळ्यात आधी आपल्या कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आजकाल इंटिग्रेटेडच्या, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असण्याच्या, नादात मुलं ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूमचा दरवाजा सुद्धा बघत नाहीत. तिथे अशी माणसं बसलेली असतात ज्यांनी वर्षानुवर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत, कुठल्या पायरीला मार्क असतात, कुठे आकृती नसली तर मार्क जातो, लॉजिकमध्ये टेबल कसं मांडायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. डबे खाऊन झाले की स्टाफरूममध्ये वही घेऊन जा, माझ्या बघण्यात तरी कोणी सरांनी अशा मुलाला हाकलून दिलेलं नाही. क्लासचे डाउट काउंटर असतात तेही चांगले, पण शंभर-सव्वाशे पोरांच्या बॅचमध्ये रांगेत उभं राहून वाट्याला तीन मिनिटं येतात, तिथे तर नेमकी ओळ दाखवता येणं जास्तच गरजेचं.

खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं मला फार वाटतं. दहावीपर्यंत सगळं मराठीत आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, त्यात वर्गात शहरातली मुलं फटाफट इंग्रजीत बोलतात, मग डाउट असला तरी तोंड उघडत नाही. बाळांनो, मराठीत विचारा. आपल्याकडचे बहुतेक सर शिकवताना मराठीतच समजावतात, तुम्ही मराठीत विचारलं तर कोणी काही म्हणत नाही. पेपरात इंग्रजीत लिहायचं असतं ते ठरलेलं थोडंसंच असतं, पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं जशीच्या तशी चार-पाच उतरवून काढली की ती वाक्यं हातात बसतात. गणित डोक्यात कुठल्या भाषेत शिरलं त्याला मार्क नसतात.

आता एआयचं. सगळी मुलं वापरतात, नाही म्हणून उपयोग नाही, आणि रात्री ११ ला कोण भेटणार विचारायला हेही खरं आहे. फोटो काढला की पूर्ण उत्तर येतं. माझ्याकडच्या मुलांना मी दोन गोष्टी सांगून ठेवल्यात. एक, पूर्ण उत्तर मागायचं नाही, "मी इथपर्यंत आलोय, फक्त पुढची एक हिंट दे, सोडवून देऊ नकोस" असं मराठीत लिहिलं तरी चालतं त्याला. दोन, आलेलं उत्तर तपासायचं, कारण त्याच्याही चुका होतात आणि त्या इतक्या सफाईने लिहिलेल्या असतात की खऱ्या वाटतात. इंटिग्रेशनचं सगळ्यात छान हेच आहे की तपासायला कोणी लागत नाही, उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढलं की मूळ गणित परत यायला पाहिजे. वरचंच बघा, वन थर्ड टॅन इन्व्हर्स एक्स प्लस २ अपॉन ३, त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या, बाहेर एक नवमांश येतो, खालून ९ वर जातो, दोन्ही कटतात आणि एक अपॉन एक्स प्लस २ चा वर्ग प्लस ९ उरतं, म्हणजे आपलंच गणित. डिफरन्शियल इक्वेशनला उत्तर समीकरणात परत घालून बघायचं, लिनिअर प्रोग्रामिंगला कोपऱ्याचे बिंदू सगळ्या अटींत बसतात का बघायचं. ही सवय लागली की मूल निम्मं मोकळं होतं, प्रत्येक उत्तराला "बरोबर आहे का" म्हणून कोणाचं तोंड बघत बसावं लागत नाही.

पुस्तकांवर पैसे घालायच्या आधी बालभारतीच्या पुस्तकाचे दोन्ही भाग नीट संपवा, पीडीएफ साइटवर फुकट आहे, एनसीईआरटीचीही फुकट आहेत. बोर्डाचा पेपर ८० मार्कांचा असतो आणि त्यात २, ३ आणि ४ मार्कांच्या तिन्ही सेक्शनना चॉइस असतो, १२ पैकी ८, परत १२ पैकी ८ आणि शेवटी ८ पैकी ५, म्हणजे ज्याला खरंच जड जातंय त्याने आधी मॅट्रायसेस, लॉजिक, लिनिअर प्रोग्रामिंग, बायनोमियल डिस्ट्रिब्युशन असे धडे पक्के करून पाय रोवावेत आणि मग कॅल्क्युलसकडे जावं. जेईईचं गणित वेगळं, तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, त्यासाठी लागणारी मदतही वेगळी, आणि दोन्हीची सरमिसळ एकाच वहीत केली की मूल गोंधळतं.

एक वेगळी जात असते मुलांची, त्यांना सिलॅबस कमी पडतो. अशा मुलाला बारावीचं पुस्तक दहावीतच देऊन पुढे पळवू नका, त्याला ऑलिम्पियाडची गणितं द्या. पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, ३० प्रश्न, तीन तास, उत्तर ० ते ९९ मधली संख्या. आपल्याकडे पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं, आणि मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, दोन्हीकडे या मुलांसाठी फार मनापासून काम चालतं, जुने पेपरही मिळतात. या मुलांना मदत करणं म्हणजे उत्तर न सांगता शेजारी बसणं. उदाहरणार्थ, १ ते २० मधल्या कुठल्याही ११ संख्या घेतल्या तर त्यात एक जोडी अशी सापडतेच की एकीने दुसरीला पूर्ण भाग जातो, हे सिद्ध कर. मूल तासभर झगडतं. तेव्हा युक्ती सांगायची नाही, एवढंच म्हणायचं की आधी १ ते ६ मधल्या ४ घेऊन बघ. मग ते स्वतः मांडायला लागतं, १-२-४ एका ओळीत, ३-६ एका ओळीत, ५ एकटा, ओळी तीनच आणि संख्या चार घ्यायच्यात... आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढचं २० चं त्याचं ते करतं, वाचणाऱ्यांनीही करून बघा.

शेवटी पालकांसाठी. पुष्कळ आया म्हणतात, आम्हाला काही बारावीचं मॅथ्स येत नाही, आम्ही काय मदत करणार. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची आई सातवी शिकलेली आहे, ती रोज रात्री भांडी आवरता आवरता त्याला एक गणित मोठ्याने समजावून सांगायला लावते. तिला टॅन इन्व्हर्स कळत नाही, ती फक्त मध्ये मध्ये विचारते, "आणि हे कुठनं आलं?" बहुतेक वेळा तो सांगतो. कधी अडखळतो, "ते असंच असतं गं" म्हणतो, तेव्हा ती त्याला त्या ओळीसमोर पेन्सिलने फुली मारायला लावते. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे येतो तेव्हा वही उघडून ती फुलीच दाखवतो आणि आमचं काम तिथून सुरू होतं.