दीड इंच माया

वैशाखातली दुपार, दीडचा सुमार. या वेळेला अमळनेरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी मात्र कापडी पिशवीत दोन पँटी कोंबून टेलर मास्तरांच्या दुकानात हजर होतो. संध्याकाळी तिथे गर्दी असते, आणि ‘कंबर सोडून द्या’ हे काही चारचौघांत बोलायचं वाक्य नाही.

मास्तरांनी पँट उलटी केली आणि मागची शिवण अंगठ्याने चाचपली. पुढे सोडता यावं म्हणून शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, त्याला माया म्हणतात.

“दीड इंच माया व्हती. एक इंच मागल्या खेपले सोडी. आते अर्धाच शे, भाऊ.”

अर्धा इंच. दिवाळीपर्यंत तरी निघेल का, असा हिशेब मी मनातल्या मनात करू लागलो.

मास्तरांच्या मागे फळीवर जुन्या चोपड्यांची चळत आहे. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या. गिऱ्हाइकाचं माप म्हणजे अमानत, ती टाकू नये, असं त्यांचे वडील सांगत. दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि पंखा नुसताच आवाज करत होता, म्हणून त्यांनी एक चोपडी काढली. १९९१. कॉलेजचं माझं पहिलं वर्ष. उंची ३९, कंबर २७, बॉटम १६. समोर टाचणीने लावलेला चॉकलेटी कापडाचा तुकडा. सत्तावीस! आज माझी मांडी तेवढी असावी. मोजून बघणार नाही.

लहानपणी कपडे शिवायचे ते वाढत्या अंगाचे. माय दुकानात उभी राहून बजावायची, “मास्तर, माया ठेवा बरं.” चड्डीला खाली चार बोटं दुमड, सदऱ्याच्या बगलेत कापड, कंबरेला मागे व्ही. अंग भरेल, पोरगा उंच होईल, खायला मिळेल, हा सगळा भरवसा त्या शिवणीत घडी घालून ठेवलेला असे. सुट्टीत मामाच्या गावाहून परत आलो की शेजारची आजी गाल ओढून म्हणायची, “पोऱ्या वाळी गया!” आणि माय रडवेली व्हायची. वाळणं हा आमच्याकडे रोग होता. जाड माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा. गावात खरं पोट सुटलेली माणसं बोटांवर मोजता येत, आणि ती बहुतेक बाजारपेठेतल्या गाद्यांवर बसलेली असत. बाकी सगळं गाव खारकेसारखं.

खात नव्हतो असंही नाही. भरताची पार्टी म्हणजे शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, वरून ओतलेलं तेल, आणि कळण्याची भाकरी मोजायची नाही असा नियम. वरणबट्टीच्या पंगतीत तुपाची वाटी घेऊन फिरणारा माणूस हात आडवा केला तरी बोटांच्या फटीतून तूप सोडायचा. शेवभाजीवर तवंग नसेल तर ती आजाऱ्याची भाजी. पण त्या पंगतीला चालत गेलेलो असायचो आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर मोटर नाही म्हणून रहाट ओढायचो. आता पंगत तीच, बट्टी तीच, जायला मोटरसायकल. आणि पूर्वी वर्षातून चार वेळा असलेली पंगत आता आठवड्यातून चार वेळा, कधी तर पार्सलमधून घरीच.

तेला-तुपाचं आणि आमच्या गावाचं नातं तसं जुनंच. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. लांबलचक नाव आखडत आखडत पुढे ‘विप्रो’ झालं आणि कंपनी तुपातून निघून कॉम्प्युटरमध्ये शिरली. तिचे शेअर ज्यांनी ट्रंकेत विसरून ठेवले त्यांच्या कहाण्या गावात अजून सांगतात. बोनसवर बोनस, एकाचे किती झाले याला हिशेब नाही. आमच्याकडे शेअर नव्हते. आम्हाला बोनस मिळाला तो कंबरेला.

मास्तर म्हणाले, एकट्याचं मनावर घेऊ नका. हल्ली आहेरात आलेला सव्वा मीटरचा पँटपीस बऱ्याच जणांना पुरत नाही. “मना टेप तोच शे. गाव बदलनं.”

गावच नाही, देशही. सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते, तिच्यातले आकडे मी मागे वाचले होते. २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी १३ आणि शंभर पुरुषांपैकी ९ जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ मध्ये बाया २४, पुरुष २३. पंधरा वर्षांत पुरुषांनी अडीचपट मजल मारली. आमच्या कुठल्याच बाबतीत एवढी प्रगती नाही. ही वाढ मोजतात ती वजनाला उंचीच्या वर्गाने भागून. मला वर्ग जमत नाही, म्हणून मी डॉक्टरांचं दुसरं माप धरतो. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८०. नव्वद म्हणजे साडेपस्तीस इंच.

“मग तुम्ही काठवरच,” मास्तर उदारपणे म्हणाले.

पण खरी गोम वेगळीच आहे, आणि ती टेलरलाच ठाऊक. डॉक्टर टेप धरतात तो पोटावरून. पँट कुठे पोटावर असते? पोट पुढे येतं तशी ती गुमान खाली उतरते आणि पोटाच्या वळचणीला जाऊन बसते. तिथली कंबर वर्षानुवर्षं चौतीसच! मग माणूस छाती पुढे काढून (छातीच म्हणायची) सांगतो, ‘माझी साइज कॉलेजपासून तीच आहे.’

आणि इलॅस्टिक. माझा सगळ्यात जास्त राग इलॅस्टिकवर आहे. लॉकडाउनमध्ये दीड वर्ष ट्रॅकपँटवर काढलं आणि तिने एका शब्दाने कळू दिलं नाही. बटण निदान बोलतं. जेवण झाल्यावर टोचतं, लग्नाच्या मांडवात तुटून इज्जत काढतं. इलॅस्टिक मात्र हो ला हो करतं. नाडी त्याचीच थोरली बहीण. बायकोचं म्हणणं की दोष इलॅस्टिकचा नाही, रात्री अकराच्या केळी वेफर्सचा आहे. असेल. पण वेफर्स जळगाव जिल्ह्यातल्या केळ्यांचे असतात, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. कमी वजनाच्या बाया, २००५-०६ मध्ये शंभरात ३६, २०१९-२१ मध्ये १९. कमी झाल्या, पण एकोणीस होत्याच. आमच्याच खान्देशात वर सातपुड्यात धडगावकडे गेलं तर माया ठेवून शिवलेलं झबलं मुलाला दोन वर्षांनीही ढगळच होतं. हे मी मास्तरांना बोललो नाही. दुपारी अशा गोष्टी निघत नाहीत.

मास्तरांनी ब्लेडने शिवण उसवली. आतून कापडाची पट्टी बाहेर आली, गडद, कोरी, उन्हाचं तोंड न पाहिलेली. बाकी पँट विटकी आणि मध्ये ही उभी रेघ.

“हे दिसेल हो.”

“सदरा बाहेर ठेवा.”

पैसे विचारले तर त्यांचं लक्ष नव्हतं. ते पिशवी बघत होते. आप्पांच्या जुन्या पँटीची मायने शिवलेली पिशवी, राखाडी टेरिकॉटची. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली, पण पिशवी काही फाटत नाही.

“ही आपलीच शिलाई,” मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवी उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला, मग चष्मा वर करून पुन्हा फिरवला.

“आप्पासनी कंबर तीस. शेवटपर्यंत तीस. दीडच्या दीड इंच माया तशीच शे.”

मी पिशवी घडी करून घेतली. पँटी शनिवारी मिळतील म्हणाले.