आचारसंहितेत अडकलेली उद्देशिका

२६ नोव्हेंबर २०२४ला संविधान स्वीकारल्याला ७५ वर्षं पूर्ण होणार होती. आमच्या सकाळी फिरणाऱ्या ग्रुपने ठरवलं, महापालिकेच्या बागेत उभं राहून उद्देशिका वाचायची, आसपासच्या मुलांना बोलवायचं, मग उपमा आणि चहा. एवढ्याशा गोष्टीची परवानगी काढताना जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

अर्ज, आधारच्या झेरॉक्स, आवक शिक्का सगळं पटापट झालं. (पोच तारखेसकट मागून घ्या, नाहीतर नंतर "तुमचा अर्जच दिसत नाही" ऐकावं लागतं.) अडलं ते क्षेत्रीय कार्यालयातल्या एका टेबलावर.

"काकू, आचारसंहिता आहे."

१५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली होती. मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ला. म्हटलं, भाऊसाहेब, आमचा कार्यक्रम २६ला, तोवर सगळं आटोपलेलं असेल. "असेल हो, पण अर्ज तर आचारसंहितेत आलाय ना." यावर माणसाने काय बोलावं? मग आवाज खाली आणून त्यांनी खरं सांगितलं, "सध्या संविधान म्हटलं की राजकीय होतं. उद्या कुणी तक्रार केली तर मला नोटीस."

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. लोकसभेपासून सगळ्यांच्याच सभांत संविधान गाजत होतं. पण २०१५ पासून हा दिवस केंद्र सरकारनेच संविधान दिन म्हणून जाहीर केलाय, सरकारी कार्यालयांत उद्देशिका वाचतात. "इथे वाचणार ना तुम्ही?" "हो, आम्हाला तसं परिपत्रक येतं. तुम्हाला कुठे आलंय?"

पुढे नेहमीचंच. पोलीस चौकीत म्हणाले, आधी महापालिकेचं पत्र आणा. महापालिका म्हणाली, आधी पोलिसांचा ना हरकत दाखला. मध्येच भाऊसाहेब निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले आणि फाईल त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

ते परत आल्यावर मी कलम ३९४ची प्रिंट घेऊन गेले. संविधानाचा बहुतेक भाग २६ जानेवारी १९५०ला लागू झाला, पण मोजकी कलमं २६ नोव्हेंबर १९४९लाच लागू झाली होती. त्यात नागरिकत्वाची ५ ते ९ आहेत, आणि ३२४ही आहे, निवडणूक आयोगाचं. म्हटलं, ज्या आयोगाची आचारसंहिता तुम्ही मला दाखवताय, त्याचं कलम याच तारखेला लागू झालंय. भाऊसाहेबांनी कागद नीट वाचला. "छान माहिती आहे, काकू. पण सही साहेबांची लागते."

एरवी नगरसेवकाच्या एका फोनवर काम झालं असतं, पण त्यांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, त्या वेळी प्रशासकच होता. ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी, हे मी त्या टेबलावर काढलं नाही. एका कलमाचं काय झालं ते पाहिलं होतं.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मार्ग काढून दिला. मांडव आणि स्पीकर अर्जातून काढून टाका म्हणाल्या. पक्षाचा झेंडा, बॅनर, उमेदवार यातलं काही नसेल असं हमीपत्र द्या. साध्या कागदावर चाललं. स्पीकर नाही म्हटल्यावर चौकीतूनही अर्जावर दोन ओळी लिहून मिळाल्या. सही सोमवारी संध्याकाळी झाली, कार्यक्रम मंगळवारी सकाळी! तुम्ही करणार असाल तर पहिल्याच अर्जात स्पीकर लिहू नका. पंचवीस-तीस माणसांना तो लागतही नाही. आणि सकाळचीच वेळ मागा, दुपारी बागा बंद असतात.

उद्देशिकेच्या प्रती अप्पा बळवंत चौकातून आणल्या होत्या. वाचन छान झालं, मुलांनी मोठ्याने म्हटलं.

त्याच दिवशी अकराला कार्यालयात त्यांचं वाचन होतं. भाऊसाहेबांचा फोन आला, तुमची मंडळी पाठवता का, फोटोत माणसं कमी पडतायत. आमच्यातले काही जण गेले. मी गेले नाही, उपम्याचं पातेलं परत द्यायचं होतं.