आण्णांच्या गुडघ्याची वाटी

आण्णांची वाटी काढली त्याला आता आठ महिने होतील. सांगली-मिरज रोडला पावसात गाडी घसरली आणि उजवा गुडघा थेट डांबरीवर आपटला. एक्सरेत वाटीचा पार चुरा दिसत होता, तार टाकून बांधावं तर तार धरेल असा एक पण तुकडा नाही. जमेल तेवढा तुकडा वाचवायचाच बघतात, सगळी वाटी काढणं हे अगदी शेवटचं, हे मला नंतर कळलं, तेव्हा मी बाहेर बाकावर बसून रडत होतो कारण येणारा प्रत्येक पाहुणा एकच बोलत होता, वाटी गेली म्हणजे पाय गेला.

तर पाय जात नाही. मांडीच्या मोठ्या स्नायूची जाड शिर, म्हणजे टेंडन, गुडघ्यावरून खाली नडगीला येते आणि वाटी त्या शिरेतच बसलेली असते. तुकडे काढून वरची आणि खालची शिर एकमेकींना शिवली, दोन्ही बाजूंचं फाटलेलं पण शिवलं, मग मांडीपासून घोट्यापर्यंत 6 आठवडे प्लास्टर.

ताकद मात्र कमी होते. 1937 साली ब्रूक नावाच्या ब्रिटिश सर्जननं वाटीशिवाय गुडघा उलट जास्त चांगला चालतो असं मांडलं होतं, ते पुढं टिकलं नाही. वाटी शिरेला सांध्यापासून पुढं उचलून धरते म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. आण्णा गॅरेजवाले, त्यांना डॉक्टरांनी एवढं सांगितल्यावर लगेच म्हणाले, "म्हणजे लांब पाना काढून आखूड दिला की मला."

आमची एक चूक झाली ती लिहितोच. प्लास्टर निघाल्यावर दुखतंय म्हणून आम्ही गुडघ्याखाली उशी दिली, लै बरं वाटायचं त्यांना, रात्रभर तशीच. त्यानं गुडघा वाकडाच धरायला लागला. फिजिओ ताई बघून रागावल्याच, उशी टाचेखाली घ्या म्हणाल्या. कृपा करून कुणी गुडघ्याखाली उशी ठेवू नका. मग दिवसातनं तीनदा मांडी आवळून धरायची, पाय सरळ ठेवून टाच उचलायची. उचलली की शेवटचं थोडं वाकलेलंच राहायचं, आण्णा घामाघूम व्हायचे, मला बघवायचं नाही.

जिना चढतात आता, उतरताना कठडा लागतो. उकिडवं बसणं बंद, गॅरेजात स्टूल ठेवलंय.

काल संध्याकाळी हाक मारली, "आरं, पट्टी आण." टाच उचलून धरली होती. मी मांडीपासून नडगीपर्यंत पट्टी धरून बघितली, गुडघा सरळ होता.