पाच की सोळा

अहवाल त्याच संध्याकाळी जायचा होता. दम्याच्या रुग्णांचा अभ्यास, प्रत्येकाच्या चार भेटी आणि दर भेटीला एकच प्रश्न: गेल्या आठवड्यात रात्री धाप लागून जाग आली का? हो किंवा नाही. एकाच माणसाची उत्तरं एकमेकांना धरून असतात, म्हणून मिश्र मॉडेल घेतलं होतं, प्रत्येक रुग्णाला स्वतःचा रँडम इंटरसेप्ट, म्हणजे 'हो' म्हणण्याकडे त्याचा मुळातला कल. एकही वॉर्निंग आली नव्हती, त्यामुळे मी निर्धास्त.

दुपारी नवी मुलगी टेबलाशी आली. तिला सरावासाठी नखांचा डेटा दिला होता. आमच्या संख्याशास्त्राच्या धंद्यात तो कधी ना कधी सगळ्यांच्या हातून जातो. पायाच्या नखांची बुरशी, टर्बिनाफिन विरुद्ध इट्राकोनॅझोल ही दोन औषधं, २९४ रुग्ण, वर्षभरात ७ भेटी, १९०८ नोंदी. नख बऱ्यापैकी सुटलंय का, एवढंच.

"मॅडम, माझं काहीतरी चुकतंय. रुग्णांमधला व्हेरियन्स एकदा ५ च्या खाली येतो, एकदा १६."

व्हेरियन्स म्हणजे रुग्णारुग्णांचे कल किती पसरलेत त्याचा आकडा. तिचं काही चुकलं नव्हतं. पहिल्या वेळी तिने सॅस या सॉफ्टवेअरमधली ग्लिमिक्स ही मिश्र मॉडेलची आज्ञा जशी आहे तशी चालवली होती, दुसऱ्या वेळी क्वाड्रेचर मागितलं होतं, म्हणजे इंटिग्रल ठरावीक बिंदूंवर मोजून बेरजेने काढणं. रुग्णाचा न दिसणारा कल इंटिग्रल करून बाजूला काढावा लागतो आणि हो-नाहीच्या डेटात ते इंटिग्रल हाताने सुटत नाही. ग्लिमिक्सची मूळची रीत त्याला वळसा घालते. ब्रेस्लो आणि क्लेटन यांच्या १९९३ च्या लेखातली पीक्यूएल ही अंदाजी रीत याच घराण्यातली. भेटी थोड्या, उत्तरं होकार-नकाराची, की ती व्हेरियन्स दाबून टाकते. आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं ग्लमर मुळात लाप्लासची रीत वापरतं, म्हणजे क्वाड्रेचरचा एकच बिंदू. सातही वेळा 'नाही' म्हणणाऱ्या रुग्णाचा कल किती खाली आहे हे डेटाला सांगताच येत नाही. त्याच्या कलाच्या शक्यतांची टेकडी एका अंगाला लांब उतरत जाते, आणि लाप्लास तिच्यावर दोन्हीकडून सारखा घुमट बसवतं.

हे तिला समजावताना माझा आवाज हळूहळू बारीक होत गेला. आमचा अहवालही मी ग्लिमिक्सच्या मूळ रीतीनेच काढला होता.

"आपला डेटा घे. अॅडॅप्टिव्ह क्वाड्रेचर, म्हणजे बिंदू प्रत्येकाच्या टेकडीपाशी बसवून. ५, १०, २०, ३० बिंदू."

पाचला आकडे हलले, दहाला थोडे, वीस आणि तीस जुळले. औषधाचा ऑड्स रेशो, म्हणजे औषधामुळे 'हो'चे ऑड्स किती पट बदलतात तो आकडा (१ म्हणजे काहीच फरक नाही), १ पासून आणखी दूर सरकला होता. डॉक्टरांना फोन केला. ते हसले, "एका दुपारीत औषध सुधारलं?"

औषध तेच होतं. हा रेशो एकाच रुग्णाच्या आतला, सगळ्यांच्या सरासरीचा नव्हे, हे त्यांना सांगायला वीस मिनिटं लागली. व्हेरियन्स १६ असेल तर या दोन्ही रेशोंच्या लॉगमध्ये साधारण अडीच पट फरक पडतो. हे मी पहिल्याच बैठकीत सांगायला हवं होतं.

अहवाल थांबवला. तक्त्याखाली बिंदूंची संख्या लिहिली. ती घरी गेल्यावर मी गेल्या वर्षीची फाइल काढली. त्या अभ्यासात भेटी तीनच होत्या.