आडव्या बोरचा रॉड

परवा बोरामणीच्या रानात चुलतभावानं बोर मारला, गाडी रात्री अकराला आली आणि पहाटेपर्यंत वीस-वीस फुटी रॉड जोडत साडेचारशे फुटांवर गेली. पाणी लागलं दीड इंच, भाऊ खूश. मी मात्र रॉडकडंच बघत बसलेलो, लेथवाल्याला आटे दिसले की दुसरं काय सुचतंय.

घरी येऊन तेलाच्या आडव्या विहिरींचं वाचत बसलो. रशियाच्या साखालिन बेटावर २०११ मध्ये ओपी-११ नावाची विहीर किनाऱ्यावरून समुद्राखाली मारली, लांबी १२,३४५ मीटर आणि त्यातलं ११,४७५ मीटर आडवं अंतर! म्हणजे गाडी सोलापुरात सात रस्त्याला उभी आणि बिट, म्हणजे टोकाचं कापणारं तोंड, होटगीच्या जरा अलीकडं.

उभ्या बोरला नळीचं, म्हणजे या पोकळ रॉडचं, वजन फुकटात बिटवर बसतं. आडव्यात तेच वजन वैरी, कारण नळी भोकाच्या तळाला लोळते, जेवढी जड तेवढी घासते. मग वरून जोरात ढकला म्हणाल तर ती आधी नागमोडी होते, मग भोकात स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन भिंतीला दाबून बसते, मग कितीही रेटा, बिटला काही कळत नाही. वायरमन पाईपात वायर ढकलतो तेव्हा असंच होतं बघा.

मग नळी बारीक करा की? तर बोर मारताना आतून चिखल, म्हणजे चुरा बाहेर काढणारं पातळ मातकट पाणी, पंप करायचा असतो, त्याचं प्रेशर वाटेतच संपतं. आतला व्यास दहा टक्के वाढवला तर प्रेशरचा तोटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी होतो, पण मग वजन वाढलंच. म्हणून साडेपाच इंची कमी पडते आणि ६⅝ अवजड होते तिथं मधली ५⅞ इंची आली. ॲल्युमिनियमची नळी चिखलात बुडाली की तेवढ्याच जाडीच्या स्टीलच्या चौथ्या हिश्शाएवढीच भरते, रशियनांनी त्यांच्या कोला द्वीपकल्पावरच्या १२,२६२ मीटर खोल उभ्या भोकात तीच वापरली, पण ती मऊ, उष्णतेत ताकद घटते, भिंत जाड ठेवावी लागते. टायटॅनियमचा भाव ऐकून मी विषय सोडला.

मला खरं आवडलं ते जॉइंटचं. एवढी लांब नळी वरून फिरवताना सुताला देतात तसा पीळ बसतो, दहा किलोमीटरला वीसेक फेरे, म्हणजे वरचं टोक वीस वेळा फिरल्यावर खालचं हलणार! हा सगळा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, दोन नळ्यांच्या जॉइंटनं सोसायचा. जॉइंटात बाहेरून आटे असलेली पिन आतून आटे असलेल्या बॉक्समध्ये आवळतात, आणि दोघं जिथं एकमेकाला टेकतात तो खांदा. साध्या जॉइंटला एकच खांदा असतो, बाहेरचा. तेलवाल्यांनी पिनच्या नाकाशी आतून दुसरा दिला, आवळताना बाहेरचा आधी टेकतो आणि आतला केसभर मागून, की दोघंही भार घेतात. हे माप पिनवर आणि बॉक्सवर, दोन्हीकडं धरायचं, ते पण हजारभर नळ्यांना. कुठलीही पिन कुठल्याही बॉक्समध्ये बसली पाहिजे, जोड्या लावून ठेवायची सोय नाही.

उद्या त्याच बोरवाल्याचे दोन रॉड आटे पाडायला येणारेत. एकच खांदा आहे त्यांना.