नाकासूच्या काठावरील याताई

जपानमधील फुकुओका शहरात नाका आणि हाकाता या दोन नद्यांच्या मध्ये नाकासू नावाचे एक चिंचोळे बेट आहे. पश्चिमेला सामुराईंचे फुकुओका आणि पूर्वेला व्यापाऱ्यांचे हाकाता अशी पूर्वी दोन वेगळी गावे होती. १८८९ साली ती एक झाली, तेव्हा शहराला फुकुओकाचे नाव मिळाले आणि रेल्वे स्थानकाला हाकाताचे. या दोहोंच्या मधल्या बेटावर आज बार, उपाहारगृहे आणि क्लब यांची अखंड दाटी आहे.

मी मुद्दाम दिवेलागणीच्या आधीच नदीकाठी पोहोचलो. पदपथावर एक मनुष्य चाकांवरचा बंद लाकडी पेटारा ओढत आला. त्याने फळ्या उलगडल्या, छप्पर वर केले, पाण्याची नळी जोडली, बाके मांडली आणि शेवटी दर्शनी बाजूस कापडी पडदा लावला. या फिरत्या खानावळीला ‘याताई’ म्हणतात. ती जेमतेम तीन मीटर रुंद असते, तिच्यात आठ-दहा माणसे कशीबशी मावतात आणि उजाडण्यापूर्वी पदपथ पुन्हा मोकळा करून द्यावा लागतो.

मी आत शिरलो तेव्हा जागा नव्हती. पण मालकाने हाताने नुसती खूण करताच बाकावरची सगळी माणसे कुरकुर न करता बोटभर सरकली आणि मला बसता आले. समोर ओदेनच्या, म्हणजे रश्श्यात शिजत ठेवलेल्या पदार्थांच्या, भांड्यात मुळ्याचे जाड काप मंद आचेवर उकळत होते. डुकराची हाडे तासन्‌तास शिजवून केलेल्या, दुधासारख्या पांढरट रश्श्यातले रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, मी मागवले. येथील शेवया बारीक असतात आणि रश्श्यात लवकर मऊ पडतात, म्हणून वाडगा एकदम गच्च भरत नाहीत. शेवया संपल्या, की उरलेल्या रश्श्यात ‘काएदामा’ म्हणजे शेवयांचा दुसरा हप्ता घालून घेतात. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी रिकाम्या वाडग्याकडे बोट दाखवून मला ते समजावले, तोवर रश्श्यावर तरंगणारा तीळ आणि कांद्याची पात तेवढी उरली होती.

ही जवळीक आपोआप टिकलेली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. याताईत कच्चे मासे देण्यास मनाई आहे. पदार्थ वाढण्यापूर्वी शिजवावा लागतो. मालकाला आपला परवाना वाटेल त्याच्या हाती सोपवता येत नसल्याने एकेकाळी चारशेहून अधिक असलेल्या याताई कमी होत होत शंभरच्या आसपास आल्या. त्या नामशेष होऊ नयेत म्हणून नगरपालिकेने २०१३ साली खास नियम केले आणि पुढे नव्या लोकांकडून जाहीर अर्ज मागवून जागा देण्यास सुरुवात केली. माझ्या मते शहराने घेतलेला हा अत्यंत शहाणपणाचा निर्णय आहे.

आतल्या गल्ल्यांतून मी थोडा वेळ फिरलो, पण दारात उभे राहून बोलावणाऱ्यांच्या मागे गेलो नाही. पहिल्यांदा येणाऱ्यानेही जाऊ नये. याताईत बसण्यापूर्वी दरपत्रक पाहून घ्यावे, रोख येन जवळ ठेवावेत आणि स्वच्छतागृह आधीच गाठावे, कारण याताईत ते नसते. जोराचा पाऊस असल्यास बऱ्याच याताई उघडतच नाहीत, तेव्हा दोन संध्याकाळी हाताशी ठेवणे बरे. बाहेर कोणी ताटकळत असेल, तर जेवण होताच उठावे. मी उठलो तेव्हा पडद्याबाहेर दोघीजणी उभ्या होत्या आणि बाक पुन्हा बोटभर सरकला.