पोटातले पाणी छातीत

सासूबाईंनी आयुष्यात कधी दारूला स्पर्श केला नव्हता, त्यामुळे त्यांना लिव्हर सिरॉसिस झाल्याचे कळताच नातेवाइकांच्या भुवया उंचावल्या. जुना मधुमेह आणि यकृतात साठलेली चरबी यांनीही तेच होते, हे किती जणांना समजावणार? पोटात पाणी होणे, पाय सुजणे हे आमच्या अंगवळणी पडत होते. पण गेल्या पावसाळ्यात त्यांना आडवे झोपता येईना आणि छातीच्या एक्स-रेमध्ये उजवी बाजू अर्ध्याहून अधिक पांढरी, म्हणजे पाण्याने भरलेली, दिसली, तेव्हा आम्ही घाबरलो.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो घेणे चूक नाही. म्हणूनच ते पाणी तपासून घ्यावे लागते. त्यांच्या पाण्यात प्रथिने अगदी कमी निघाली, म्हणजे ते क्षयाचे नसून पोटातूनच आलेले असावे. "पण पोटातलं पाणी वर चढलं कसं?" असे सासूबाईंनीच डॉक्टरांना विचारले. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला बारीक छिद्रे असू शकतात, ती बहुधा उजवीकडे असतात आणि श्वास आत घेताना छातीतला दाब उतरल्यामुळे पोटातले पाणी त्यांतून वर ओढले जाते, असे त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितले.

सुईने पाणी काढताना त्या पलंगाच्या कडेला, समोरच्या टेबलावरच्या उशीवर हात टेकून बसल्या होत्या. सोनोग्राफीने जागा पाहून पाठीतून सुई घातली आणि बाटलीत गवती पिवळे पाणी उतरू लागले. दीड लिटर झाल्यावर त्यांना खोकला आला व डॉक्टर थांबले. त्या रात्री त्या आडव्या झोपल्या. मात्र तीन आठवड्यांत पाणी पुन्हा भरले, आणि एका रुग्णालयात कायमची मोकळीक म्हणून छातीत नळी बसवण्याचा सल्ला मिळाला. आमच्या यकृततज्ज्ञांनी तो ठाम नाकारला, कारण अशा रुग्णात नळीतून पाणी वाहतच राहते, त्याबरोबर प्रथिने जातात, मूत्रपिंडे खचतात, जंतुसंसर्ग होतो आणि नळी काढणेही अवघड होऊन बसते. मला हे आधी पटले नव्हते. साठलेले काढून टाकायचे एवढे साधे गणित माझ्या डोक्यात होते.

खरा उपचार माझ्या स्वयंपाकघरात होता. दिवसाला सोडियम 2 ग्रॅम, म्हणजे सगळे मिळून सपाट चमचाभर, साधारण 5 ग्रॅम मीठ. पापड, लोणचे, फरसाण गेले. भाकरीच्या पिठातले मीठ बंद झाले आणि आमटीत लिंबू, कोकम, जिरे वाढले. सासूबाई आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. एका हितचिंतकाने कमी सोडियमचे मीठ आणून दिले, पण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते, आणि जादा पाणी लघवीवाटे काढण्यासाठी त्यांना चालू असलेली स्पायरोनोलॅक्टोन गोळी शरीरात पोटॅशियम साठवते. दोन्ही एकत्र आले तर हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते. ते पाकीट मी परत केले. गुडघेदुखीसाठी त्या अधूनमधून घेत असलेली डायक्लोफेनॅकची गोळीही बंद झाली, कारण ती मूत्रपिंडांना मारक ठरते. डाळी, अंडी मात्र तोडायची नव्हती, उलट वाढवायची होती, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्यायचे होते.

स्पायरोनोलॅक्टोनबरोबर फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी दुसरी गोळीही चालू झाली. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, वजन करून मी वहीत मांडते. वजन फार झपाट्याने उतरले तरी डॉक्टरांना कळवायचे असते, म्हणजे गोळ्यांचा डोस आणि रक्तातील सोडियम आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासता येते. ताप, पोटात किंवा छातीत दुखणे, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्यायचे, कारण छातीतल्या पाण्यातही जंतुसंसर्ग होतो.

यकृतातून रक्ताला नवी वाट करून देणाऱ्या स्टेंटचा, म्हणजे टिप्सचा, विषय निघाला होता. पण त्याने मेंदूवर परिणाम होण्याची भीती असते, आणि त्यांना आधी एकदा तशी गुंगी आलेली असल्यामुळे तो मार्ग सोडला. मूळ आजारावर उत्तर प्रत्यारोपणाचेच, पण त्यांच्या वयात आणि हृदयाच्या स्थितीत ते शक्य नाही. तीन आठवड्यांनी काढावे लागणारे पाणी आता अडीच महिन्यांनी काढावे लागते. काल त्यांनी बिनमिठाचे मेतकूट भातावर घेतले आणि लिंबाची फोड स्वतःच मागितली.